हॉपकॅलाइट की सेरिया?
शिरोलीच्या फाउंड्रीत कोअर ओव्हनच्या (साच्यातले वाळूचे गाभे भाजणाऱ्या भट्टीच्या) धुरातला कार्बन मोनॉक्साइड हॉपकॅलाइट आणि सेरिया (सेरियम ऑक्साइड) हे दोन्ही ऑक्साइड जाळू शकतात. ऑक्साइडच्या अणूंच्या जाळ्यातला ऑक्सिजन या वायूला मिळतो, रिकामी जागा हवेतला ऑक्सिजन भरतो. ही मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलेन यांची १९५४ची मांडणी.

तांबे-मँगनीजचं हॉपकॅलाइट हा ऑक्सिजन साध्या तापमानालाही सोडतं. पण कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत ते झपाट्याने मंदावतं, आणि ५०० अंश सेल्सिअसपुढे स्फटिक बनून बरीच सक्रियता गमावतं.

सेरिया उष्णतेत टिकतो, मात्र ऑक्सिजन सोडण्यात कंजूष आहे: हायड्रोजन वायूत तापवत नेण्याच्या चाचणीत पृष्ठभागाचा ऑक्सिजन ५०० अंशांच्या आसपास निघतो, आतला ८००जवळ. झिर्कोनियम मिसळल्यावर आतलाही लवकर सुटतो. गरम धुरासाठी असा झिर्कोनियम मिसळलेला सेरियाच घ्यावा, थोडं तांबं चढवून. फ्युरान वाळूतल्या (फ्युरान राळेने घट्ट केलेल्या वाळूतल्या) सल्फोनिक आम्लाचा गंधक धुरातून आधी धुवून काढा. सल्फेट बसलं की दोन्ही निकामी.