मिसळ खायची कशात? पितळी ताट की मातीचं भांडं

नाशकात रविवारी सकाळी मिसळ खायला जाणं हा आमच्या घरचा नेमच, आणि आता बऱ्याच ठिकाणी स्टीलच्या जागी पितळी ताट नाहीतर मातीचं भांडं समोर येतं, तर दोन्हीत खाऊन झाल्यावर सांगतो.

पितळ दिसायला राजेशाही, आणि आपल्या गावाला शोभतंही कारण तांब्यापितळेसाठी इथला भांडी बाजार पूर्वीपासून नावाजलेला. पण कल्हई बघाच हं! कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, भांडं तापवून नवसागर टाकून चोळतात. तो थर गेला की दही, लिंबू असलं आंबट थेट पितळेला लागतं, तांबं उतरतं, चव कळकते. आणि मिसळीसोबत दही लिंबू असतंच ना! एका ठिकाणी मला दह्याला हिरवट छटा दिसली, मी ते ताट तसंच परत केलं, पोरांना पण खाऊ दिलं नाही.

मातीत ही भानगड नाही. जाड असल्यामुळे रस्सा बराच वेळ गरम राहतो, पाव निवांत बुडवून खाता येतो. फक्त बिनझिलईचं असेल तर तेल आणि वास मुरतो, साबणही शोषतं, म्हणून गरम पाण्यानं घासून उन्हात पूर्ण वाळवायला लागतं. हॉटेलात एवढं कोण करतं हे विचारूनच घ्या.

माझं मत, रस्सा मातीत, पापड जिलबी पितळेत, दही वेगळ्या स्टीलच्या वाटीत.