'मूळ आराखड्यावरची मराठा गुराब': माझे ₹८७,६४० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडा आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचाल. ₹८७,६४०. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, इथे लिहितोय. कारण हे किट विकणारा माणूस अजून मोकळा आहे आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे आपणच. शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करणारे लोक मुळात मोजके. त्यातही ज्यांना परदेशी फ्रिगेट सोडून आपल्या मराठा आरमाराची गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, करायची आहे, ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्या मोजक्या माणसांनाच गाठायचं, हे यानं पक्कं ठरवलेलं आहे.

माल असा होता: १:४८ मापाची तीन डोलकाठ्यांची गुराब, जुन्या मुरलेल्या सागाच्या फळ्या, कापून तयार फ्रेमा (जहाजाच्या बरगड्या), ओतीव पितळी तोफा आणि सोबत 'विजयदुर्गच्या मिस्त्री घराण्यात सांभाळलेला मूळ आराखडा'. मी विरघळलो तो या शेवटच्या ओळीला, आणि गुराब करायला बसलेला कोणीही विरघळला असता. परदेशी जहाजाचं काम करताना फ्रेम न् फ्रेम काढलेले कागद समोर असतात. आपल्याकडे मिस्त्री डोळ्याने आणि दोरीने माप घेऊन गलबत उभं करायचा, कागदाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हच्या तोफांनी विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. आज गुराब करायची तर इंग्रजांनी लिहून ठेवलेली वर्णनं, काही चित्रं आणि कोकणातल्या जुन्या होडीबांधणीवरून अंदाज, एवढंच हाताशी राहतं. अशा वेळी कोणी सांगतो की आमच्या घरात कागद आहे. मन धावतंच.

म्हणून हे आधी लिहून ठेवा: मराठा आरमाराच्या जहाजाचा 'मूळ आराखडा' कोणी विकत असेल, तर पैशाचं बोलण्याआधी त्या कागदाचा फोटो मागा, कडा आणि मागची बाजू दिसेल असा. मला त्यानं कोपऱ्यातला वीतभर तुकडा दाखवला. बाकीचा 'बुकिंगनंतर, दादा, नाहीतर लोक कॉपी मारतात'. हे मला पटलं, कारण लोक खरोखरच कॉपी मारतात.

बोलण्यात तो पक्का होता. नाळ (जहाजाचं पुढचं टोक), परबाण (शिडाचा वासा), सुकाणू हे शब्द त्याच्या तोंडी सहज यायचे. घरात चार पिढ्या होड्या बांधतात म्हणाला. मला 'दादा' म्हणायचा, तब्येत विचारायचा. जहाज डिसेंबरच्या नौदल दिनाला शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचं आहे असं मी सांगितलं, तर म्हणाला, 'मग तोफांचे पैसे मी कमी लावतो, पोरांसाठी आहे ते.' आणि तोफांचे ₹१४,२०० घेतले.

पैसे असे गेले. बुकिंग ₹११,०००. लाकूड आणि फ्रेमा ₹३८,५००. तोफा ₹१४,२००, आणि हे पैसे वेगळ्याच नावाच्या खात्यावर, 'भाच्याचं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली'. खातं बदललं की तिथेच थांबायचं. याला अपवाद नाही, समोरच्यानं दिलेलं कारण कितीही खरं वाटो. पुढचे दोन हप्ते पेटी आल्यानंतरचे, त्यांच्याकडे येतोच.

आता तो क्षण. गेले कित्येक दिवस मी तोच उगाळतोय.

₹३८,५०० पाठवण्याआधी मी व्हिडिओ कॉलचा आग्रह धरला. आंधळेपणाने पैसे फेकले, असं कोणी म्हणू नये. त्यानं कॉल केला, मागे लाकडाची थप्पी, वर ट्यूबलाइट. एक फळी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली, अंगावरून बोट फिरवून म्हणाला, 'बघा दादा, चाळीस वर्षं मुरलेला साग.' मग फळी वळवली आणि कापलेलं टोक समोर आलं. बाहेर चारी बाजूंनी गर्द तपकिरी, आत पांढुरकं. मी विचारलं, हे आत फिकट का? तो अडखळला नाही. 'सालीकडचं लाकूड आहे हो, सागाला असतंच.' सागाचं सालीलगतचं लाकूड फिकट असतं, हे शंभर टक्के खरं. म्हणून मी मान डोलावली.

पण झाड वाढतं कसं? गाभा गडद, साल जवळ आली की फिकट. त्या फळीत सगळं उलटं होतं. बाहेर गडद, मध्ये फिकट, आणि गडद थर चारी बाजूंना सारखाच, नखाएवढा. असं लाकूड कुठल्याही झाडात होत नाही, ते डब्यातल्या रंगात बुडवल्यावर होतं. मी वर्षानुवर्षं लाकूड कापतोय. हे टोक माझ्या टेबलावर असतं तर क्षणात ओळखलं असतं. फोनच्या पडद्यावर, हलत्या हातात, ट्यूबलाइटच्या उजेडात, समोरच्यानं योग्य शब्दात उत्तर दिल्यावर ते निसटलं. त्यानं फळी किती चटकन बाजूला केली तेही आता आठवतं, आणि जीव जळतो.

दुसरी खूण फोटोतच होती. 'मागच्या गिऱ्हाईकाची गुराब' म्हणून त्यानं अर्धवट बांधलेल्या जहाजाचे फोटो पाठवले होते. पुढे लांब निघालेली नाळ, तीन डोलकाठ्या, वरवर पाहिलं तर गुराबच. पण तिन्ही डोलकाठ्यांवर तिरप्या परबाणाची तिकोनी शिडं लावायची तयारी होती. गुराबेवर चौकोनी शिडं असायची, मोठं तिकोनी शीड ही गलबताची, म्हणजे आरमारातल्या लहान जहाजाची खूण. शिवाय गुराबेच्या नाळेमागे आडवी भिंत असते आणि तिच्यातल्या झरोक्यांतून ९ ते १२ पौंडी तोफा पुढच्या दिशेला रोखलेल्या असतात. त्या फोटोत भिंतही नव्हती, झरोकेही नव्हते. ते भूमध्य समुद्रातलं शेबेक नावाचं जहाज होतं, परदेशातल्या कोणा कारागिराचं काम, त्याच्या नकळत उचललेलं. फोटोवरून फोटो शोधायची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. पैसे देण्याआधी ती वापरा. मला ते नंतर सुचलं आणि मूळ पान लगेच सापडलं.

पेटी आली. हो, पेटी आली, आणि या धंद्याची खरी चलाखी तीच आहे. काहीच पाठवलं नसतं तर मी लगेच बोंब मारली असती, पैसे कुठेतरी अडकवता आले असते. पेटी वाटेत आहे म्हणून मी थांबलो, आणि पैसे तोवर कुठल्या कुठे गेले.

आत काय होतं ते नीट सांगतो, म्हणजे तुमच्याकडे अशी पेटी आली तर कळेल. फळ्यांना सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास नव्हता, थिनरचा होता. ओलं फडकं फिरवलं तर फडकं तपकिरी आणि फळी पिवळट. फ्रेमा हलक्या प्लायच्या, कडा लेझरने करपलेल्या. तरी म्हटलं फ्रेमा तर वापरू. कण्यावर कोरड्याच उभ्या केल्या आणि वरून पातळ पट्टी वाकवून धरली, प्लँकिंगआधी (फळ्या बसवण्याआधी) आपण सगळेच धरतो तशी. पट्टी एका फ्रेमवर टेकते, पुढच्या दोन फ्रेमांवर अधांतरी, मग एकदम उसळते. कुठल्याच जहाजाचा आकार त्यातून निघत नव्हता. दोन वेगळ्या किटमधल्या फ्रेमांवर त्यानं ओळीने नंबर घातले होते. 'पितळी' तोफा उचलल्या तर हाताला वजनच नाही. नखाने खरवडल्यावर सोनेरी रंगाखाली राखाडी रेझिन निघालं. आणि तो आराखडा म्हणजे त्याच शेबेकचा नकाशा, मोडीत चार शब्द खरडून चहाच्या पाण्यात बुडवलेला.

मी फोन केला. तो भांडला नाही, उलट माफी मागितली. 'गोडाऊनमध्ये पेटी बदलली, दादा, तुमची पेटी इथेच पडली आहे.' बदली पेटीसाठी ₹१४,००० डिपॉझिट आणि वाहतुकीचा 'परत मिळणारा' विमा ₹९,९४०. तेव्हा माझे ₹६३,७०० त्याच्याकडे अडकलेले होते. ज्याचे एवढे अडकलेत तो आणखी थोडे घालून सगळं सोडवायला बघतो. जगभरचे ठग यावरच जगतात, आणि ज्यांचं कधी अडकलं नाही त्यांनी कृपा करून मला शहाणपण शिकवू नये. ते पैसे गेले आणि त्याचा फोन बंद झाला.

इथून पुढचं जास्त संतापाचं आहे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'वस्तू मिळाली ना काका?' मिळाली, पण खोटी. 'मग हा फसवणुकीचा गुन्हा नाही, मालाचा वाद आहे, ग्राहक कोर्टात जा.' मी म्हटलं, साग सांगून रंगवलेलं लाकूड दिलं, पितळ सांगून रेझिन दिलं, दुसऱ्याचे फोटो स्वतःचे म्हणून दाखवले, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालं, आकडा बदलला, गुन्हा तोच आहे. समोरच्याने तोफ हातात घेऊन शेजारच्याला दाखवली. 'खेळण्यातल्या जहाजाला सत्त्याऐंशी हजार?' दोघे हसले. मी तिथे उभा होतो.

मग हद्द. पैसे तुम्ही घरून पाठवले, तो दुसऱ्या जिल्ह्यातला, खातं तिसऱ्या राज्यातलं, म्हणजे इथे घेता येणार नाही. हे साफ चूक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे मी सांगितलं तर 'मग तुम्हीच लिहा एफआयआर' असं उत्तर. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मिळाला. तुम्ही गेलात तर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि ठाण्याने नाकारलं तर तीच तक्रार पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवा. कायद्यात ती सोय आहे.

बँकेत वेगळं पुराण. व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलेत, आमची जबाबदारी नाही. ग्राहकाला संरक्षण देणारा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे, हे मला मान्य. पण समोरचं खातं संशयास्पद आहे हे तिकडच्या बँकेला कळवायला कोणाचा हात दुखत होता? या टेबलावरून त्या टेबलावर, 'मॅडम रजेवर आहेत', 'मेल करा', मेलला छापील उत्तर. माझे तिन्ही मेल एकाच उत्तराने बंद केले.

ग्राहक आयोगाची वाट कागदावर सोपी आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पेटीवरचा पत्ता खोटा निघाला. कुरिअरवाल्याकडे पेटी कोणी आणून दिली याची नोंद असणारच, पण 'ग्राहकाची माहिती देता येत नाही'. ग्राहक मी की तो? पोलिसांनी पत्र दिलं तर देऊ म्हणतात, आणि पोलीस पत्र देत नाहीत, कारण त्यांच्या लेखी गुन्हाच नाही. असा हा गोफ, यात माणूस दमून घरी बसावा हीच सगळ्यांची इच्छा दिसते.

मी बसलेलो नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. तुम्ही उशीर करू नका, शंका आली त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पेटीची वाट बघत बसू नका. पेटी आलीच तर उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, कुरिअरच्या चिठ्ठीपासून सुरू करून. लाकूड घेताना फळीच्या टोकाचा ताजा काप मागा, कॅमेऱ्यासमोर करवत चालवायला लावा. ज्याच्याकडे खरं लाकूड आहे तो हसत कापून दाखवेल. आणि १:४८ वर कोणी सागाच्या बारीक कोरीव कामाच्या बाता मारत असेल तर आणखी सावध व्हा. सागाची छिद्रं उघडी असतात, त्या मापावर ती भगदाडासारखी दिसतात. असल्या कामाला हळदूसारखं बारीक पोताचं लाकूड घेतात. जाणता माणूस हे स्वतःहून बोलतो. यानं एकदाही काढलं नाही.

परवा तेच शेबेकचे फोटो पुन्हा दिसले. नाव नवं, नंबर नवा, या वेळी 'कान्होजी आंग्र्यांचं गलबत, मूळ आराखड्यावरून', बुकिंग ₹१५,०००. ट्यूबलाइट तीच, थप्पी तीच. ज्यांचे पैसे गेले असतील त्यांनी गप्प बसू नका. खात्यांची नावं, व्यवहार क्रमांक, पेटीचे फोटो माझ्याकडे पाठवा. एकट्याच्या अर्जाला 'मालाचा वाद' म्हणून कटवता येतं. तीच खाती आणि तेच फोटो असलेले दहा अर्ज एकाच दिवशी अधीक्षकांच्या टेबलावर ठेवायचे, माझ्या अर्जाची प्रत तयार आहे.