आईच्या गुडघ्यासाठी बेळगावच्या शहापुरातल्या ह्या फिजिओथेरपी सेंटरला दीड महिना गेलो, आमचा अनुभव

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते खाली सांगतो. जरा मोठं लिहितोय कारण नुसतं "छान आहे, स्टाफ चांगला आहे" वाचून मला काहीच कळलं नव्हतं आणि आईला कुठं न्यायचं ह्या विचारातच आमचं एक वर्ष गेलं.

आई ६३ वर्षांची, आम्ही येळ्ळूरचे, घरची भातशेती. पावसात चिखलात वाकून लावणी, मग उकिडवं बसून भांगलण, घरी आलं की परत खाली बसून भाकऱ्या, असं चाळीस वर्षं चाललंय. उजवा गुडघा दुखालाय म्हणून दोन वर्षं सांगत होती. आधी फक्त पायऱ्या उतरताना, मग खालून उठताना, आणि गेल्या दिवाळीपासून बसच्या पायरीवर पाय उचलेना. आमच्या कर्नाटकात बायकांना २०२३ पासून बस फुकट आहे, आधार कार्ड दाखवलं की झीरो तिकीट, पण त्या पहिल्या उंच पायरीवर चढता तर आलं पाहिजे की ओ. वरून कंडक्टर हात द्यायचा, मागून कोणतरी बाई आधार द्यायची, आणि हे आईच्या मनाला लई लागायचं. शेवटी तिनं बेळगावला बाजाराला यायचंच सोडलं.

इथं यायच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी १५ दिवस मशीन लावून घेतलं होतं. झोपवायचे, गुडघ्याला चार वायरी चिकटवायचे, मुंग्या आल्यागत व्हायचं, तिथं बरं वाटायचं आणि वडगाव ओलांडून घरी पोचेपर्यंत परत तेच. व्यायाम एकही शिकवला नाही.

ह्या सेंटरला पहिल्या दिवशी मशीनला हातच लावला नाही. मला वाटलं पैसे घेऊन नुसत्या गप्पा मारालेत. पण मॅडमनी आईला चालायला लावलं, खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं (जमलं नाही), आणि टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी मांडी २ सेंटिमीटरनं बारीक निघाली! ते बघून मला सगळं एकदम समजलं. दुखतंय म्हणून आई त्या पायावर भार देत नव्हती, भार नाही म्हणून मांडीचा स्नायू बारीक झाला, आणि तोच स्नायू गुडघ्याचे धक्के झेलतो म्हणून अजून दुखायला लागलं, असं हे चाक फिरत होतं.

एक्सरे आम्ही नेला होता, त्यात हाडांमधली फट कमी झालेली दिसत होती आणि आई त्या फोटोला फार घाबरलेली, आता गुडघा संपला म्हणायची. मॅडमनी तिला समजावलं की एक्सरेत झीज जास्त दिसते म्हणजे दुखणं पण तेवढंच असं नसतं, झीज भरपूर असून बिनधास्त चालणारी माणसं असतात आणि थोडक्या झिजेला बेजार झालेली पण असतात. हाडाच्या टोकावरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि हालचाल झाली की ते पाणी आत-बाहेर होतं, म्हणून पलंगावर पडून राहणं हे औषध नव्हे. हे सगळं त्या कन्नड मिसळलेल्या मराठीत सांगत होत्या पण आईला अक्षर न् अक्षर कळलं.

व्यायाम साधेच आहेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि ५ सेकंद धरायची, असं १० वेळा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय वर न्यायचा, हा कंबरेच्या बाजूच्या स्नायूसाठी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुर्चीवरून उठणं-बसणं, आधी खुर्चीवर दोन उशा टाकून उंच केली, पुढच्या आठवड्यात एक उशी काढली, मग दुसरी. आई घाई करायची तर "निधान अव्वा, निधान" (कन्नडमध्ये सावकाश आई, सावकाश) म्हणायच्या, आता घरी माझी पोरगी पण आजीला तसंच म्हणते. करताना थोडं दुखलं तर चालतंय, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं वाढलेलंच राहिलं किंवा सूज आली तर कमी करायचं, हा नियम आम्हाला फार उपयोगी पडला कारण आधी जरा दुखलं की आम्हीच तिला बसवायचो.

वजनाचं पण बोलल्या. १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं कमी होतो म्हणे. आई ७२ वरून ६९ वर आलीय, रात्रीचा भात अर्धा केला एवढंच. काठीवरून तर घरात वादच झाला, मामा म्हणाले दुखऱ्या बाजूला धर, पण उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची असते, तसं धरून बघा म्हणजे फरक कळेल. भाकरी आता ओट्यावर उभं राहून.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे विकायची घाई अजिबात नाही. नी कॅप घ्यायची का विचारलं तर शेतात जाताना बरं वाटत असेल तर घाला, पण तिच्यानं ताकद येत नाही म्हणाल्या. गोळ्या आपल्या मनानं खाऊ नका, आईला बीपी आहे, दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी आणि किडनी दोन्हीला त्रास होऊ शकतो, आधी लावायचं जेल वापरा आणि डॉक्टरांना विचारा. गावात गुडघ्यासाठी पुड्या मिळतात त्या तर बंदच करायला लावल्या, असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून दोन दिवसांत जादू झाल्यागत वाटतं. आणि ऑपरेशनचं विचारल्यावर भीती नाही घातली. गुडघा लाल होऊन गरम झाला, ताप आला, अडकून बसला किंवा पायावर उभंच राहता येईना तर इथं येऊ नका, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा म्हणाल्या.

आता एक स्टार का कापला. सेंटर पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, १८ पायऱ्या आणि कठडा एकाच बाजूला. गुडघ्याची माणसं जिथं येतात तिथं हे बरोबर नाही, पहिल्या दिवशी आई मधेच थांबून भिंतीला टेकली तेव्हा मला फार वाईट वाटलं. दुसरं, व्यायामाचा कागद कन्नड आणि इंग्रजीत आहे. येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदीकडून येणाऱ्या आमच्या बायकांनी घरी जाऊन काय वाचायचं? मी सगळं मराठीत लिहून एक प्रत काउंटरवर दिलीय, झेरॉक्स काढून ठेवा म्हणून सांगितलंय, त्यांनी हो म्हटलंय.

एका वेळचे ४०० घेतले. एकूण ८ वेळा गेलो, पहिले दोन आठवडे दोनदा आणि मग आठवड्यातून एकदाच, रोज या म्हणून एकदाही सांगितलं नाही. दुखणं पूर्ण गेलं नाही, ते मी खोटं लिहिणार नाही. थंडीत सकाळी गुडघा आखडतो, खाली मांडी घालून अजून बसता येत नाही. पण चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे पाठ करून गेल्या शनिवारी आई एकटी येळ्ळूर बसमध्ये चढली आणि खडेबाजारातून मला फोन केला, बांगड्या घ्यालोय म्हणून.

संध्याकाळी ६ नंतर गर्दी असते, सकाळी १० च्या आसपास जावा. गाडी लावायला जागा कमी आहे, रिक्षानं गेलेलं बरं. जुना एक्सरे, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि सैल सलवार किंवा पायजमा घेऊन जावा, साडीत व्यायाम दाखवताना आईला पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं झालं होतं.