किनाऱ्यावरच्या फेरफटक्यासाठी दहा मीटरची दोरी

कुत्र्याला समुद्रावर नेणाऱ्यापुढे रोजचाच एक पेच असतो. मोकळे सोडावे, तर ते कशात तोंड घालील याचा नेम नाही. आणि दीड मीटरच्या दोरीला बांधून चालवावे, तर एवढ्या लांब येण्यात अर्थ उरत नाही. त्यावर तोडगा म्हणून आम्ही प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या पॉलिस्टर पट्टीची दहा मीटर लांबीची दोरी मागवली आणि पावसाळा सरल्यापासून रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर ती नेमाने वापरली.

आधीची सुती दोरी पाणी पिऊन जड व्हायची आणि कितीही वाळत घातली तरी तिचा कुबट वास जात नसे. डबीत आपोआप गुंडाळली जाणारी दोरी तर वाळूचे चार कण आत शिरले की अडकून बसते. या पट्टीत पाणी मुरतच नाही. नळाखाली धरून फडक्याने पुसली की काम झाले. मात्र कुत्र्याने एकदम धाव घेतली तर ती तळहात सोलवटून काढते, म्हणून हातमोजे घालणे बरे.

आमची चिंगी गावठी, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने चौकस. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर खेकड्यांचे प्रत्येक बीळ हुंगल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. नाक आत खुपसून ती इतक्या जोराने फुंकर मारते की वाळू तिच्याच डोळ्यांत उडते, मग शिंकत शिंकत ती पुढच्या पायांनी खणू लागते, आणि तेवढ्यात दुसराच एखादा खेकडा तिच्या पाठीमागून पाण्याकडे पसार होतो. दहा मीटरच्या घेरात हे सारे तिला मनसोक्त करता येते. वयस्कर लॅब्राडोर भीमला एवढ्या लांबीचे काही अप्रूप नाही. तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून प्रत्येक लाटेवर एकदाच भुंकतो आणि लाट ओसरली की आपणच तिला हाकलले अशा ऐटीत आमच्याकडे पाहतो.

‘एवढा प्रेमळ कुत्रा, त्याला दोरी कशाला?’ असे विचारणारे भेटतात. त्यांनी जाळ्यातून काढून वाळूवर टाकलेला केंड मासा, म्हणजे पफरफिश, पाहावा. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असू शकते व त्यावर उतारा नाही; कुत्र्याला तो खेळण्यासारखा वाटतो. वाहून आलेल्या झारचेही, म्हणजे जेलीफिशचेही तसेच, मेलेली असली तरी ती डंख करते. शिवाय गावखडी, वेळास यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ती उकरून खाणाऱ्यांत कुत्रीही असतात, तेव्हा त्या हंगामात तिथे कुत्रे मोकळे सोडणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

दोरीचा खरा कमकुवतपणा तिच्या हुकात आहे. मुलामा दिलेला हा हुक खाऱ्या हवेत लवकरच गंजला आणि त्याची स्प्रिंग अडकू लागली. दीड हजारांच्या घरातल्या वस्तूला हे शोभत नाही. होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातून स्टेनलेस स्टीलचा हुक आणून चांभाराकडून बसवून घेतल्यावर तक्रार उरली नाही. विक्रेत्याने सोबतच्या कागदावर आणखी एक गोष्ट लिहायला हवी होती: इतकी लांब दोरी गळपट्ट्याला अडकवू नये, कारण धावत्या कुत्र्याला शेवटी बसणारा हिसका थेट मानेवर येतो. ती छातीच्या हार्नेसलाच लावावी.

रविवारी संध्याकाळी पर्यटकांच्या गर्दीत दहा मीटर दोरी म्हणजे लोकांच्या पायांत घोटाळा. तेव्हा ती गुंडाळून हातातच धरावी लागते. जे गर्दीच्या वेळीच जाऊ शकतात त्यांनी याच पट्टीची पाच मीटरची दोरी घ्यावी, ती स्वस्तही पडते.