थार की जिम्नी? गडग्याला विचारा

महिंद्राची तीन दारांची थार आणि मारुतीची पाच दारांची जिम्नी, दोघींची लांबी सारखीच: ३,९८५ मिमी. फरक रुंदीत. थार १,८२०, जिम्नी १,६४५. कागदावर किरकोळ वाटतो. पण गुहागरकडच्या आमच्या वाडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), त्यात समोरून एसटी आली की तेवढ्यानेच आरसा वाचतो. (एसटी मागे जात नाही, आपणच जायचं.)

कुंभार्ली घाटात मात्र थारचं २.२ लिटर डिझेल भरल्या गाडीनिशी मजेत चढतं. जिम्नीच्या दीड लिटर पेट्रोलला गिअर उतरवून विनवावं लागतं. पण आजी सोबत असेल तर थार विसरा, पुढची सीट वाकवून तिला मागे चढवणार कोण? आंब्याच्या पेट्या दोन्हींत जेमतेमच.

मी जिम्नी घेईन. रुबाब थारचाच, पण गडगा शेजाऱ्याचा आहे.