कोकणातल्या कलेक्शन सेंटरवरून सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस: तपासणी खणखणीत, नळीची हाताळणी कच्ची

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत बहुतेक तालुक्यांच्या गावी मोठ्या लॅबची कलेक्शन सेंटरं झाली आहेत. रक्त इथे काढायचं, तपासणी मुंबईत. साखर-थायरॉइडला ही व्यवस्था पुरते. हे परीक्षण आहे ते तिथूनच होणाऱ्या सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसचं. मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, शोधताना सुरुवात या तपासणीने होते.

कंबर दुखते, थकवा जात नाही, हिमोग्लोबिन घसरलंय, क्रिएटिनिन वाढतंय. साठीच्या पुढच्या माणसाचं हे सगळं भातलावणीच्या आणि वयाच्या नावावर खपून जातं. घरात लिव्हर फंक्शनचा जुना रिपोर्ट असेल तर एकूण प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा करून बघा. फरक डेसीलिटरमागे ४ ग्रॅमच्या वर असेल तर डॉक्टरांना तो आकडा दाखवा आणि इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल विचारा.

मुंबईतलं काम चोख आहे, यात शंका नाही. विजेच्या प्रवाहात सीरममधली प्रोटीन्स वेगळी होतात आणि रिपोर्टवर अल्ब्युमिन, अल्फा-१, अल्फा-२, बीटा, गॅमा असा आलेख येतो. क्षयरोग, यकृताचा जुना आजार किंवा जुनाट जंतुसंसर्ग असेल तर गॅमाचा भाग पसरट फुगतो, कारण अनेक प्रकारच्या पेशी अनेक प्रकारची अँटिबॉडी बनवत असतात. मायलोमात एकाच पेशीची पिल्लावळ एकच अँटिबॉडी ओतत राहते, म्हणून तिथे माडासारखा सरळ, निमुळता सुळका उभा राहतो. हाच एम बँड. आलेख छापून देणारी लॅबच निवडा. नुसते आकडे देणाऱ्या रिपोर्टवरून डॉक्टरांना हा फरक नीट दिसत नाही.

घोळ होतो तो इकडच्या पहिल्या दोन तासांत. या तपासणीला सीरम लागतं, म्हणजे रक्त पूर्ण गोठल्यावर वर राहिलेला द्रव. पिवळ्या किंवा लाल टोपीच्या नळीत रक्त घेऊन ते खोलीच्या तापमानाला निदान ३० मिनिटं उभं ठेवायचं, मग सुमारे १० मिनिटं सेंट्रीफ्यूज करायचं, म्हणजे मशीनमध्ये जोरात फिरवायचं, आणि लाल नळी असेल तर सीरम वेगळ्या व्हायलमध्ये काढायचं. संध्याकाळची ट्रॅव्हल्स गाठायच्या घाईत नळी गोठण्याआधीच फिरवली किंवा तशीच बर्फाच्या डब्यात टाकली, की फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रोटीन, मागे राहतं. ते बीटा आणि गॅमाच्या मधे बारीक पट्टा उमटवतं, आणि तो पट्टा हुबेहूब एम बँडसारखा दिसतो. डायलिसिसला हेपारिन मिळालेल्या किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्या रुग्णाचं रक्त आणखी उशिरा गोठतं. हे सेंटरवर आपणहून सांगा.

दुसरी चूक म्हणजे न फिरवलेली नळी थेट बर्फाला लागणं. त्याने लाल पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन अल्फा-२ व बीटाच्या आसपास खोटा पट्टा देतं. नळी उजेडात धरून बघा: सीरम फिकट पिवळं हवं, गुलाबी झाक असेल तर पुन्हा रक्त द्या. पावसात घाट बंद पडला किंवा वीज गेली तरी वेगळं केलेलं सीरम २ ते ८ अंशांत काही दिवस टिकतं, म्हणून फिरवणं इथेच झालं पाहिजे. सेंटरवर सेंट्रीफ्यूज आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर रत्नागिरी, चिपळूण किंवा कणकवलीला असलेल्या जागी जा.

काउंटरवरची मोठी उणीव वेगळीच आहे: इलेक्ट्रोफोरेसिस एकटीच विकली जाते. मायलोमाच्या १५ ते २० टक्के रुग्णांत पेशी अँटिबॉडीची फक्त हलकी साखळी बनवतात, ती लघवीवाटे निघून जाते आणि आलेख सपाट दिसू शकतो. म्हणून इम्युनोफिक्सेशन (पट्टा नेमका कोणत्या अँटिबॉडीचा ते ओळखणारी तपासणी) आणि सीरम फ्री लाइट चेन (रक्तातल्या याच मोकळ्या हलक्या साखळ्या मोजणारी) सोबत हव्यातच. खर्च काही हजारांत जातो, तरी अर्धवट तपासणीचे पैसे जास्त वाया जातात. लघवीच्या साध्या पट्टीवर विसंबू नका, ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. २४ तासांची लघवी सांगितली तर सकाळची पहिली टाकून द्या, त्यानंतरची सगळी दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट कॅनमध्ये घ्या, कॅन थंड ठेवा. एकूण मिलिलिटर फॉर्मवर लिहिले नाहीत तर दिवसाला किती प्रोटीन गेलं याचा हिशोबच होत नाही.

फ्री लाइट चेनच्या रिपोर्टवर कॅपा आणि लॅम्बडा या हलक्या साखळीच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर असतं. ते ०.२६ ते १.६५ धरतात, पण मूत्रपिंड कमकुवत असेल तर ३.१ पर्यंत चालतं. रिपोर्टवर ही दुसरी मर्यादा बहुधा छापलेली नसते आणि घरात उगाच रडारड होते. एम बँड दिसला म्हणजे कर्करोगच, असंही नाही. तो डेसीलिटरमागे ३ ग्रॅमच्या खाली, मज्जेत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांच्या खाली आणि हाडं, मूत्रपिंड, रक्त, कॅल्शियम ठीक असेल तर त्याला एमगस (MGUS), म्हणजे कर्करोग नसलेली अवस्था, म्हणतात. त्यातल्या साधारण १ टक्का लोकांचा दरवर्षी पुढे मायलोमा किंवा तत्सम आजार होतो. उपचार लागत नाही, ठरावीक काळाने तपासणी लागते.

उपचार सुरू असलेल्यांनी लॅब बदलू नये. फ्री लाइट चेनची वेगवेगळ्या कंपन्यांची किट एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे आकडा आजारामुळे हलला की किटमुळे, ते कळत नाही. मायलोमावरचं डाराटुमुमॅब हे औषध चालू असेल तर ते फॉर्मवर ठळक लिहून घ्या. ते औषध स्वतःच आयजीजी-कॅपा अँटिबॉडी आहे, इम्युनोफिक्सेशनवर त्याचा बारीक पट्टा उमटतो आणि बरा होत आलेला रुग्ण कागदावर आजारी दिसतो. सेंटरच्या फॉर्मवर औषधासाठी रकाना नसतो. वरच्या कोऱ्या जागेत नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहायला लावा.