सेकंडहँड ई-रीडर घेतला, त्यावर पहिली वाचली ‘एक्झिट वेस्ट’

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते, लाईट गेले तरी वाचता येतं म्हणून घेतला. बॅटरी मस्त, इंग्रजी छान दिसतं, पण मराठी फाईल टाकली की जोडाक्षरं तुटतात, तेवढ्यासाठी एक स्टार कापला. आता पुस्तक. मोहसिन हामिदची २०१७ची कादंबरी, सईद आणि नादिया युद्ध पेटलेल्या शहरातून जादूच्या दारांनी आधी ग्रीसच्या मायकोनॉस बेटावर, मग लंडनला पोचतात. दारं जादूची, पण मला खरी जादू वाटली फोनची, म्हणजे शहरातलं सिग्नल बंद होतं तेव्हा दोघं एकाच गावात असून हरवल्यासारखे होतात ना, तो भाग वाचताना पोटात गोळा आला. आणि नादिया पायऱ्यांवर बसून फोनवर बातम्या वाचतेय आणि तिला वाटतं त्या बातमीतल्या फोटोत आपणच पायऱ्यांवर बसून फोन वाचतोय, हे पान मी तीनदा वाचलं! त्यांचं परकेपण वाचताना आपलंच आठवलं: आमच्या चार पिढ्या बडोद्यात, तरी पुण्याची मावशी व्हिडिओ कॉलवर म्हणते तू गुजरात्यांसारखं बोलतेस, आणि इथले शेजारी विचारतात तुमचं गाव कुठलं. शेवटाकडे गोष्ट जरा ढिली पडते. इंग्रजी वाक्यं मात्र लांबच लांब, दमायला होतं.